प्लॉटसकट बंगला: ऐकीव गोष्टी आणि कागद

2009 मध्ये ताथवडे पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं आणि वाकड-हिंजवडीच्या शेजारामुळे इथल्या शेतांवर बघता बघता टॉवर उभे राहिले. ‘जमीन स्वतःची आणि वर घरही स्वतःचं’ असं ज्याच्या मनात आहे, त्याला ताथवड्यातला भाव झेपत नाही. मग तो मारुंजी, नेरे, जांबे, गहुंज्याकडे नाहीतर चिखली-चाकणच्या अंगाला वळतो. तिथे त्याला एकच आकडा ऐकवला जातो: प्लॉटसकट बंगला, सगळं मिळून इतके लाख. घोळ या एका आकड्यात आहे. जमीन हा एक व्यवहार, बांधकाम हा दुसरा. दोन्हींचे कागद वेगळे, मंजुऱ्या वेगळ्या, कर्जाची रीतही वेगळी. एकाचा कागद दाखवून दुसऱ्याबद्दलची शंका मिटवली जाते आणि बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे ‘खरेदीखत रजिस्टर झालं, आता कोण काय करतंय?’ दुय्यम निबंधक कार्यालयात दस्ताची नोंद होते, मुद्रांक शुल्क भरलं जातं, ओळख पटवली जाते. त्या जमिनीवर घर बांधता येईल का, हे तिथे कोणी तपासत नाही. चिखलीत काय झालं ते आठवा. इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत उभे राहिलेले 36 बंगले महापालिकेनं 17 मे 2025 रोजी जमीनदोस्त केले. राष्ट्रीय हरित लवादानं 2024 मध्ये तसा आदेश दिला होता आणि सर्वोच्च न्यायालयातही तो टिकला. ती झोपडपट्टी नव्हती. प्लॉट घेऊन हौसेनं बांधलेले बंगले होते. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल रेषा म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत निवासी बांधकामाला परवानगी मिळत नाही. गहुंज्याकडे पवना आहे, वाकडला मुळा आहे, तेव्हा ‘नदीकाठचा निसर्गरम्य प्लॉट’ अशी जाहिरात दिसली की आधी पूररेषेचा नकाशा मागायचा. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीचा रेड झोन, म्हणजे बांधकामबंदीचा पट्टा, ही आणखी वेगळी भानगड. तळवडे, निगडी भागातल्या लोकांना ती चांगली ठाऊक आहे.

म्हणून टोकन देण्याआधी झोन दाखला आणि भाग नकाशा हवाच, तोही ताजा. महापालिकेनं सुधारित विकास आराखड्याचं प्रारूप मे 2025 मध्ये प्रसिद्ध केलं. चार वर्षांपूर्वीच्या दाखल्यात मोकळी दिसणारी जागा नव्या नकाशात रस्त्याखाली गेलेली असू शकते.

दुसरं वाक्य एजंटच्या तोंडी हमखास असतं: ‘साहेब, सात-बारावर तुमचं नाव लावून देतो.’ नाव खरोखर लागतंही. पण सात-बारा हातात घेऊन नीट बघा. वर गट नंबर, खाली भोगवटादारांची भली मोठी यादी, प्रत्येकाच्या नावापुढे एक-दोन आर क्षेत्र. ते क्षेत्र गटात नेमकं कुठे आहे, पूर्वेला की ओढ्याला लागून, याचा त्या उताऱ्यावर पत्ताच नसतो. तुकडेबंदी कायद्यामुळे एक-दोन गुंठ्यांचं स्वतंत्र खरेदीखत अडायचं, म्हणून दहा-अकरा जणांनी मिळून एकत्र खत करायचं, अशी वाट इथे वर्षानुवर्षं चालत आली आहे. अशा खरेदीत तुम्हाला मिळतो तो सामाईक हिस्सा. चुन्यानं आखलेली चौकट आणि कोपऱ्यात रोवलेले चार दगड म्हणजे हद्द नव्हे. हद्द ठरते मंजूर लेआउटनं आणि भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीनं. शिवाय सात-बारा हा मुळात महसुली अभिलेख. कायदा त्यातली नोंद खरी धरून चालतो, पण ती खोटी ठरवता येते. मालकी बघायची तर जुनी खतं, फेरफार, वारसनोंदी आणि ‘इतर हक्क’ या रकान्यातला प्रत्येक शब्द वाचावा लागतो. तिथे कूळ, बँकेचा बोजा, कोर्टातला दावा यांपैकी काहीही निघू शकतं. भोगवटादार वर्ग 2 असेल तर सरकारी परवानगीवाचून व्यवहारच करता येत नाही. जमीन अजून शेतीचीच असेल, तर शेतकरी नसलेल्याला कूळकायदा आडवा येतो.

तुकडेबंदीत 2025 मध्ये मोठी सवलत मिळाली, ‘आता गुंठा मोकळा झाला’, असंही सांगितलं जातं. ही सवलत जुन्या व्यवहारांसाठी आहे. 15 ऑक्टोबर 2024 नंतर पाडलेल्या तुकड्याला तिचा आधार नाही. आणि व्यवहार नियमित झाला तरी बांधकामाची परवानगी वेगळी काढावीच लागते. ‘आर झोन’चंही असंच. निवासी पट्ट्यात असणं म्हणजे अर्ज करायची पात्रता, लेआउट मंजूर झाल्याचा पुरावा नव्हे.

महापालिका हद्दीबाहेरच्या गावांत ‘ग्रामपंचायतीची परवानगी आहे’ हे पालुपद ऐकू येतं. तिथे नियोजन प्राधिकरण पीएमआरडीए आहे, 2015 पासून. मंजूर नकाशावर शिक्का त्यांचा हवा. ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा कर कोणी भरायचा एवढंच सांगतो. शहरातही लोक विचारतात, ‘टॅक्स घेता, मग घर अनधिकृत कसं?’ पिंपरी-चिंचवडकरांना याचं उत्तर शास्तीकरानं दिलेलं आहे. अनधिकृत घरांना मिळकतकर लागत होताच, वर शास्तीही लागत होती. 2023 मध्ये सरकारनं शास्ती माफ केली, घरोघरी आनंद झाला आणि तो रास्तच होता. पण माफी शास्तीची होती. घर अधिकृत करायचं तर नियमितीकरणाची वाट स्वतंत्र आहे.

‘बँकेनं कर्ज दिलं म्हणजे कागद स्वच्छ’ हा समज सुशिक्षितांत जास्त. बँकेचा वकील सर्च घेतो तो बँकेचं तारण सांभाळायला. तुमचं हित आणि बँकेचं हित बरंचसं एक असतं, पण पूर्ण एक नसतं. घर गेलं तरी हप्ता तुमच्याच पगारातून जातो. स्वतःचा वकील लावा, 30 वर्षांचा सर्च घ्या. एक मात्र मी ठामपणे सांगेन: चांगली बँक ज्या प्लॉटला हात लावत नाही, त्यासाठी पतसंस्थेचं किंवा सोनंतारण कर्ज काढू नका. बँकेचा नकार हा फुकट मिळालेला सल्ला आहे.

महारेरा म्हणजे स्थावर मालमत्ता नियामक; त्याचा नोंदणी क्रमांकही डोळे झाकून मानू नये. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचे आणि आठपेक्षा जास्त घरांचे प्रकल्प नोंदवावे लागतात, प्लॉटिंगसुद्धा. सहा बंगल्यांची छोटी स्कीम त्यातून सुटू शकते. नोंदणी असेल तर संकेतस्थळावर मंजूर नकाशा, दावे आणि ताबा देण्याची तारीख दिसते, ती वाचायची. नोंदणीकृत करार न करता 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे बुकिंगच्या टेबलावर मोठ्यानं म्हणा.

आता पैसे. ‘बँक 90 टक्के देते’ हे 30 लाखांपर्यंतच्या कर्जापुरतं खरं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं 30 ते 75 लाखांच्या कर्जाला किमतीच्या 80 टक्के आणि त्यापुढे 75 टक्के ही मर्यादा आहे. मुद्रांक आणि नोंदणी या किमतीत धरली जात नाही. महापालिका हद्दीत 90 लाखांचा बंगला घेतलात तर जास्तीत जास्त 72 लाख बँकेचे. उरलेले 18 लाख, 7 टक्क्यांनी 6 लाख 30 हजार मुद्रांक आणि 30 हजार नोंदणी, म्हणजे 24 लाख 60 हजार घरातून काढायचे. कंपाउंड, बोअर, ग्रिल यात आलेलं नाही. महापालिकेचं पाणी 2019 पासून दिवसाआड आहे, तेव्हा मोठी टाकीही धरा. घर बाईच्या नावावर असेल तर मुद्रांकात 1 टक्का वाचतो. 72 लाखांना 8.5 टक्के दरानं 20 वर्षांसाठी हप्ता बसतो 62,483 रुपये आणि एकूण व्याज सुमारे 78 लाख.

त्यातही प्लॉट आधी आणि बांधकाम नंतर असेल, तर कर्ज एकरकमी मिळत नाही. प्लॉटचे पैसे आधी सुटतात, पुढचे जोतं, स्लॅब, प्लास्टर अशा टप्प्यांनी. तोवर उचललेल्या रकमेचं व्याज आणि राहत्या घराचं भाडं दोन्ही चालू. बिल्डर घाई करतो म्हणून काम होण्याआधी पैसे सोडायला सांगू नका. टप्प्यानुसारच पैसे द्या, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना 2013 मध्येच बजावलं आहे.

‘प्लॉटच्या कर्जावर टॅक्स वाचतो’ हेही अर्धवट. नुसत्या प्लॉटच्या व्याजाला सवलत नाही. घर बांधून पूर्ण झालं तर जुन्या करप्रणालीत वर्षाला 2 लाखांपर्यंत व्याजाची वजावट मिळते. त्यासाठी कर्ज घेतलेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत काम पुरं व्हावं लागतं. नव्या प्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराला ही वजावटच नाही. कंपनीत नवी प्रणाली निवडून ठेवलेली असेल, तर सवलतीच्या आशेवर कर्ज वाढवण्यात काही अर्थ नाही.

‘मुदतीआधी फेडलं तर दंड’ ही भीती मात्र सोडून द्या. बदलत्या दराच्या गृहकर्जावर असा आकार 2012 पासून बंद आहे. दिवाळीच्या बोनसमधून थोडं थोडं मुद्दल कमी करत राहिलात तर 20 वर्षांचं कर्ज कितीतरी आधी संपतं. संपलं की मूळ कागद 30 दिवसांत परत मिळायला हवेत; डिसेंबर 2023 पासून उशिराच्या प्रत्येक दिवसाला बँकेनं 5 हजार रुपये द्यायचे आहेत. बँकेचं ना-हरकत पत्र घेऊन तलाठी कार्यालयात जा आणि सात-बाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यातला बोजा कमी करून घ्या. तो आपोआप निघत नाही.