नावडत्या माणसावरची प्रीती

ख्रिस्ती धर्माचे सार काय, असे विचारले तर शेजाऱ्यावर प्रेम करावे हे, असे उत्तर बहुतेक सुशिक्षित माणूस देतो आणि दुसऱ्या विषयाकडे वळतो. ऐकावयास हे फार गोड लागते. परंतु शेजारी म्हणजे कोण, हे एकदा नीट पाहिले की त्यातली गोडी कमी होऊ लागते. सामाईक भिंतीवरून आठ वर्षे कोर्टात दावा चालविणारा गृहस्थ शेजारीच असतो. मध्यरात्री दारू पिऊन गल्ली जागविणाराही शेजारीच. आमच्या कामातले उदाहरण द्यावयाचे, तर संप चालू असता मागल्या दाराने कामावर जाणारा सोबती हाही शेजारीच. अशा माणसावर प्रेम करावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे? एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार करू.

आम्ही बाप्तिस्मा घेतलेले ख्रिस्ती नव्हे. धर्मशास्त्राचे पंडित तर नव्हेच नव्हे. आमचे शिक्षण मालधक्क्यावर, बाजार समितीच्या आवारात आणि दिवेलागणीनंतर वाचनालयात झाले. पण जळगाव-धुळ्याच्या हमाल बांधवांची संघटना बांधताना हा प्रश्न आम्हांला रोज भेटतो, आणि त्याचे सर्वांत व्यवहारी उत्तर आम्हांला या धर्माच्या ग्रंथात सापडले, म्हणून हा खटाटोप.

नवा करार मूळ ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्या भाषेत प्रेमाला एकच शब्द नाही. स्त्रीपुरुषांच्या ओढीला एक आहे, स्नेह्यांच्या जिव्हाळ्याला दुसरा आहे. नव्या करारात ज्या प्रेमाची आज्ञा वारंवार येते, त्याला बहुधा ‘अगापे’ हा शब्द योजिला आहे. मराठी बायबलात त्यासाठी ‘प्रीती’ म्हटले आहे. आता आवड ही आपोआप उत्पन्न होणारी वस्तू आहे. तिची आज्ञा करता येत नाही. कारले आवडलेच पाहिजे, असे कोणी फर्मावले म्हणून ते गोड लागणार नाही. परंतु समोरच्याचे हित करण्याची आज्ञा करता येते. कारण ते कृत्य आहे, आणि कृत्य आपल्या हाती असते. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय पाहावा. प्रीतीचे जे वर्णन तेथे आहे, त्यात हृदयाच्या उचंबळण्यापेक्षा माणसाच्या वागणुकीचाच हिशेब अधिक आहे.

येशूने यासाठी दाखला दिला तो ऊन-पावसाचा. भल्या-बुऱ्यांची निवड न करता आकाश दोघांनाही देते. खानदेशच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. बांधावरून डोकी फोडून घेतलेल्या दोन भावांच्या कपाशीवर मृगाचा पाऊस सारखाच पडतो.

हे झाले तत्त्व. ते आपल्या मुलखाच्या ओळखीच्या माणसांत कसे उतरले, ते पाहू. धरणगावी १८९० साली जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलाने १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात कविता म्हटली, आणि महाराष्ट्र त्याला बालकवी म्हणून ओळखू लागला. पुढे अहमदनगरला रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या घरी तो मुलासारखा राहिला. हा मुलगा सांभाळावयास सोपा नव्हता. हळवा, लहरी, घटकेत रुसणारा. आणि ज्यांच्या घरी राहावयाचे ते टिळक स्वतः तापट! तो ख्रिस्ती झाला नाही, तरी त्या घरातली त्याची जागा गेली नाही. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्टेशनात रेल्वेखाली त्याचा अंत झाला. वय अवघे सत्तावीस. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात त्याच्या आठवणी लिहिल्या आहेत, त्या आईने लिहाव्या तशा.

याच ग्रंथातून आम्ही आणखी एक धडा घेतला. लक्ष्मीबाई आपल्या माणसांचे दोष झाकीत नाहीत. पतीचा संताप, घरातला पैसा मागेल त्याला देऊन टाकण्याची त्यांची खोड, हे सारे त्या हसत हसत जगासमोर मांडतात. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा या बाईचा मांडलेला संसार उधळला गेला. काही वर्षे त्या पतीपासून वेगळ्या राहिल्या. परत आल्या त्याही लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. स्वतःच्या मनाला पटले तेव्हा, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तात्पर्य, प्रीतीला आंधळे व्हावे लागत नाही, आणि समोरच्याच्या मताला मान डोलवावी लागते असेही नाही.

येथे कोणी विचारील, की मग अपराध्याचे काय? त्याने लाथ मारावी आणि आपण हसावे काय? मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात याची सरळ कार्यपद्धती दिली आहे. ती वाचून आम्हांस आश्चर्य वाटले, कारण ती एखाद्या चांगल्या कामगार संघटनेच्या घटनेत शोभावी अशी आहे. भावाने अपराध केला, तर आधी एकट्याने जाऊन त्याला सांगावे. न ऐकल्यास दोघा-एकांना साक्षीला न्यावे. तरीही न ऐकल्यास मंडळीपुढे ठेवावे. तेथेही न जुमानल्यास त्याला परका किंवा जकातदार समजावे. जकातदार म्हणजे परक्या सत्तेसाठी आपल्याच लोकांकडून वसुली करणारा, सर्वांच्या तिरस्काराचा धनी. पण येशू जकातदारांशी कसा वागला? त्यांच्या पंगतीला बसला. आणि ज्याच्या नावाने हे शुभवर्तमान चालत आले, तो मत्तय स्वतः जकातीच्या नाक्यावरून उठून आलेला! म्हणजे जबाबदारीच्या जागेवरून दूर करावे, पण जेवणाच्या पानावरून उठवू नये, असा याचा अर्थ आम्ही लावतो.

आमच्या एका टोळीत असा प्रसंग आला होता. मजुरीवाढीची मागणी ठरत असता एकाने पुढाकार घेणाऱ्यांची नावे ठेकेदाराला कळविली. चौघांचे काम पंधरा दिवस बंद राहिले. त्यांच्या घरी चुली कशा पेटल्या ते त्यांनाच ठाऊक. टोळी संतापली. नाव कापा, असा एकच घोष झाला. आम्ही वरच्या तीन पायऱ्या चढावयास लावल्या. त्याने सभेत कबुली दिली. हिशेबाचे काम त्याच्याकडून काढून घेतले. बैठकीत बोलण्याचा हक्क वर्षभर बंद ठेवला. पण पोते उचलण्याची त्याची पाळी मोडली नाही. पुढे त्याच्या पायावर थप्पी कोसळली, तेव्हा टोळीने वर्गणी काढली, आणि त्या चौघांपैकी तिघांनी ती दिली. चौथ्याने दिली नाही. त्याला कोणी बोलही लावला नाही. तो माणूस सुधारला काय? नाही. आजही टोळीत त्याच्याइतका तिरसट कोणी नसेल. मात्र त्याची मुले शाळेत गेली, आणि टोळी फुटली नाही.

एक इशारा दिल्यावाचून हा विषय सोडता येत नाही. प्रेमाचा उपदेश बहुधा दुबळ्याला केला जातो. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला आणि मजुरी बुडालेल्या मजुराला क्षमेचे धडे देणारे पुष्कळ भेटतात. हा धर्माचा विपर्यास आहे. मारणाऱ्याचा हात धरणे यात त्याचेही हित आहे. कारण मारत राहणारा माणूस स्वतःही माणसातून उठत असतो. म्हणून बाईने सुरक्षित घरी जावे, मजुराने कायद्याने दाद मागावी. हमालांसाठी महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला, तो गप्प बसून झालेला नाही. हक्क पुरता मागावा. फक्त मागताना समोरच्याचा नाश इच्छू नये. प्रीतीची कसोटी येथेच लागते, आणि ती फार कठीण आहे.

आवडत्या माणसावर प्रेम करावयास धर्म लागत नाही. ते मांजरीलाही जमते. ज्याचे नाव घेताच कपाळाला आठी पडते, त्याच्याशी उद्या सकाळी कसे वागावयाचे, एवढे ठरविण्यासाठीच धर्माची गरज आहे. वाचकांपैकी प्रत्येकाला असे एक तरी नाव आत्ता आठवले असेल. त्याच्याकडे एकट्याने जाण्याची पहिली पायरी बहुधा अजून शिल्लक असते.