सुरक्षेचा जमाखर्च (लेखांक ५) : एका जागेला माणसं किती?

मागच्या लेखात रुग्णालयाची पाहणी करून चोवीस तास रक्षक लागतील अशा चार जागा आपण ठरवल्या : मुख्य फाटक, अपघात विभाग, अतिदक्षता विभागाचं दार आणि ऑक्सिजनची टाकी. आता त्यांचं एप्रिल ते मार्चचं अंदाजपत्रक मांडू.

चार जागा, तीन पाळ्या, म्हणून बारा माणसं, असा हिशेब सर्रास केला जातो. अंदाजपत्रक चुकतं ते इथेच. एका जागेच्या वर्षाला १,०९५ पाळ्या होतात. ५२ साप्ताहिक सुट्ट्या आणि रजा, सण, आजारपणाचे २५ दिवस धरले, तर एक रक्षक २८८ पाळ्या भरतो. भागाकार येतो ३.८. म्हणजे चार जागांना किमान पंधरा माणसं हवीत आणि सोळावा असला तर उत्तम. ही वरची माणसं म्हणजे रिलीव्हर. त्यांची तरतूद नसली की हजेरीपत्रकात एकाच नावापुढे, एकाच तारखेला ‘डबल’ची नोंद पडू लागते. रात्रभर जागलेला माणूस सकाळी पुन्हा अपघात विभागाच्या दारात उभा राहतो, आणि संतापलेल्या नातेवाइकांना समजावण्याचं काम त्याच्याच वाट्याला येतं.

संख्या ठरली की दर. महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो. त्यामुळे एकच दर बाराने गुणू नका. एप्रिल ते जून, जुलै ते डिसेंबर आणि जानेवारी ते मार्च असे तीन तुकडे करा. त्यावर भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा १२ टक्के वाटा, ईएसआयचे ३.२५ टक्के, किमान ८.३३ टक्के बोनस आणि एजन्सीचं सेवाशुल्क चढवा. शेवटी १८ टक्के जीएसटी. कारखान्याला त्याची वजावट मिळू शकते. रुग्णालयाची सेवा मात्र करमुक्त असल्याने तो कर पूर्णपणे खर्चातच जातो.

या बेरजेपेक्षा कमी दराची निविदा आली, तर फरक कुणाच्या तरी पगारातून निघणार हे उघड आहे. शिवाय कंत्राटदाराने वेतन थकवलं, तर ते देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ मालकावर, म्हणजे रुग्णालयावर येते. स्वस्तातला करार असा महागात पडतो.

बाकीच्या बाबी थोडक्यात : कॅमेऱ्यांचा वार्षिक देखभाल करार, रेकॉर्डिंगच्या हार्ड डिस्क, यूपीएसच्या बॅटऱ्या, वॉकीटॉकी, विजेऱ्या. रेनकोटची खरेदी मे महिन्यातच टाका. जूनमध्ये मागणी लिहिली, तर ते हातात पडेपर्यंत फाटकावरचा रक्षक भिजत राहतो.

अंदाजपत्रक मंजुरीला पाठवण्याआधी गेल्या तीन महिन्यांचं हजेरीपत्रक मागवा आणि त्यातल्या डबल ड्युट्या स्वतः मोजा. त्या भरून काढणारी माणसं कागदावर आल्याशिवाय सही करू नका.

(पुढील लेखात : निविदेतल्या अटी)