हिंवाळी पाहुणा : तपकिरी खाटीक

भाद्रपद सरत आला व रब्बी ज्वारीच्या पेरणीची तयारी सुरू झाली, कीं छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील शिवारांत बांधावरच्या बाभळीवरून एक कर्कश कडकडाट ऐकूं येऊं लागतो. हा आवाज तपकिरी खाटकाचा. हा पक्षी येथला रहिवासी नव्हे. तो आपला हिंवाळी पाहुणा आहे. बांधावरील कांटेरी झुडपें तोडण्यापूर्वीं आमच्या वाचकांनीं त्याची ओळख करून घ्यावी, एवढाच या लेखाचा हेतु.

हा पक्षी साधारण बुलबुलाएवढा असतो. पाठ तपकिरी, शेपटी तांबूस व पोट पिवळसर पांढरें असतें. डोळ्यावरून गेलेला काळा पट्टा आणि त्यावरील पांढरी भिंवई ही त्याची मुख्य खूण होय. मादीच्या कुशींवर खवल्यांसारख्या बारीक रेषा दिसतात. चोंच टोंकाशीं आंकड्यासारखी वळलेली असते. आपल्याकडे बारा महिने राहणाऱ्या नकल्या खाटकाचें डोकें राखाडी व शेपूट लांब, काळें असतें. त्यामुळें दोहोंत घोटाळा होण्याचें कारण नाहीं.

त्याची वीण सैबेरिया, मंगोलिया, उत्तर चीन इत्यादि प्रदेशांत होते. तेथें थंडी पडून कीटक नाहींसे होऊं लागले, कीं तो दक्षिणेकडे निघतो आणि भारत, श्रीलंका व आग्नेय आशियांत उतरतो. आपल्याकडे तो साधारणतः सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत राहतो. येथें प्रत्येक पक्षी आपली हद्द वेगळी राखतो. पायांत कडें घातलेले पक्षी पुढील हंगामांत पुन्हां त्याच जागीं आल्याचेंही आढळलें आहे.

झुडपाच्या शेंड्यावर बसून तो जमिनीवर नजर ठेवतो आणि नाकतोडे, भुंगेरे, अळ्या, प्रसंगीं सरडा किंवा लहान पक्षी यांवर झडप घालतो. मोठें भक्ष्य बाभळीच्या अगर बोरीच्या कांट्यांत खोंवून तो त्याचे लचके तोडतो. म्हणूनच त्यास खाटीक हें नांव पडलें. शास्त्रीय नांवांतील ‘लॅनियस’ या लॅटिन शब्दाचा अर्थही खाटीक असाच आहे.

हा पक्षी शेतकऱ्याचा चाकर नव्हे. उपकारक कीटकही तो सोडीत नाहीं, व किडीचा सर्व भार त्याच्यावर टाकून निर्धास्त राहतां येणार नाहीं. परंतु दाण्यास न शिवतां नाकतोडे व अळ्या वेंचणारा हा पाहुणा दवडणें शहाणपणाचें नव्हे. बांध साफ करतांना सर्वच बाभळी-बोरी तोडल्या, तर हजारों मैल उडून आलेल्या या पक्ष्यास बसावयास फांदी नाहीं व भक्ष्य अडकवावयास कांटा नाहीं. यास्तव प्रत्येक बांधावर एक-दोन कांटेरी झुडपें राखावीं व कीटकनाशक औषध गरजेपुरतेंच फवारावें, अशी आमची शेतकरी बंधूंस आग्रहाची सूचना आहे.