दिवसा प्रवासी, रात्री मालगाडी

अमेरिकेतल्या न्यू जर्सीची रिव्हर लाइन माझी फार लाडकी. कॅमडेन ते ट्रेंटन, साधारण 55 किलोमीटर, 2004 पासून सुरू. कॅमडेनमध्ये ही डिझेलवरची हलकी गाडी चक्क रस्त्यातून, मोटारींच्या शेजारून जाते आणि शहराबाहेर पडली की मालगाडीच्या रुळांवर धावू लागते!

खरी गोम इथेच आहे. तिथल्या नियमानुसार मुख्य रेल्वेजाळ्यावरच्या प्रवासी डब्याच्या सांगाड्याने टोकाकडून येणारा 8 लाख पौंडांचा, म्हणजे सुमारे 360 टनांचा दाब कायमचा न वाकता सोसायला हवा. एवढं पोलाद घातलं तर गाडी हलकी राहीलच कशी? मग फेडरल रेलरोड ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी संस्थेकडे सूट मागायची. ती मिळते, पण अट कडक: हलकी गाडी आणि मालगाडी एकाच वेळी रुळावर नकोत. म्हणून दिवसा प्रवासी, रात्री मालगाडी. नुसतं वेळापत्रक दाखवून भागत नाही. मालगाडी चुकूनही आत शिरणार नाही, याची सोय काय, तेही सांगावं लागतं. म्हणजे सांध्याला कुलूप, किंवा चुकार डब्याला मुद्दाम रुळावरून घसरवणारं साधन.

सॅन दिएगोची ट्रॉली तर 1981 पासून रात्रीचे रूळ मालगाड्यांना देत आली आहे.

मला मात्र ही अट जरा जास्तच ताणलेली वाटते. रात्रपाळीच्या कामगाराने घरी जायचं कसं? जर्मनीत कार्ल्सरूहेच्या ट्राम 1992 पासून मोठ्या गाड्यांच्या बरोबरीने त्याच रुळांवर धावतात. तिथे भर आहे तो सिग्नलवर, आपोआप गाडी थांबवणाऱ्या यंत्रणेवर आणि ट्रामच्या दमदार ब्रेकवर.