कागदावर सगळेच समाजवादी

भारतात राजकीय पक्ष काढणं फारसं अवघड नाही. पक्षाची घटना लिहायची आणि स्थापनेपासून तीस दिवसांच्या आत अर्जाबरोबर निवडणूक आयोगाकडे पाठवायची. मात्र त्या घटनेत एक कलम असलंच पाहिजे : भारताच्या संविधानावर तसंच समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांवर पक्षाची निष्ठा राहील. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ मध्ये ही अट आहे आणि १९८९ पासून ती लागू आहे. म्हणूनच भारतीय जनता पक्षाच्या घटनेत समाजवादावरची निष्ठा आहे आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या घटनेतही आहे. टीव्हीवरच्या चर्चेत एकमेकांना बोलू न देणारे दोन प्रवक्ते कागदोपत्री या एका मुद्द्यावर पूर्ण सहमत असतात.

खरी अडचण होते ती समाजवाद मान्य नाही असं उघड म्हणणाऱ्याची. बाकीचे सही करून मोकळे होतात.

हा प्रश्न संविधान सभेतही निघाला होता. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी प्रा. के. टी. शहा यांनी भारत हे ‘धर्मनिरपेक्ष, संघराज्यात्मक, समाजवादी’ राज्य असेल, अशी दुरुस्ती सुचवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या काळातल्या लोकांनी ठरवायचं, ते संविधानात बांधून टाकलं तर लोकशाहीच मोडीत निघेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. मार्गदर्शक तत्त्वांमध्ये समाजवादी आशय आलेलाच आहे, हेही त्यांनी दाखवून दिलं. हेच आंबेडकर १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेतजमीन, विमा आणि मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत असं लिहून बसले होते. १९३८ मध्ये गिरणी कामगारांच्या एक दिवसाच्या संपात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उतरला होता. म्हणजे ज्या माणसाला आशय हवा होता, त्यानंच शिक्का नाकारला. पुढे आणीबाणीत, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं तो शिक्का उद्देशिकेवर उमटला आणि तेरा वर्षांनी पक्षांच्या घटनांमध्येही आला.

या सक्तीविरुद्ध कोर्टात गेले ते स्वतंत्र पक्षाचे एस. व्ही. राजू. खुल्या बाजाराचा पुरस्कार हेच ज्या पक्षाच्या जन्माचं कारण, त्यानं समाजवादाची शपथ घ्यायची म्हणजे आपल्या हातानं खोटं लिहून द्यायचं, एवढं साधं म्हणणं घेऊन ते १९९०च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयात गेले. याचिका वर्षानुवर्षं पडून राहिली. सर्वोच्च न्यायालयापुढे हा विषय २००८ मध्ये आला, तेव्हा न्यायमूर्तींनी विचारलं की समाजवादाचा अर्थ कम्युनिस्टांसारखा इतका संकुचित का घ्यायचा? कल्याणकारी राज्य असा व्यापक अर्थ घ्या ना! उद्देशिकेतल्या या शब्दाबद्दलच्या २५ नोव्हेंबर २०२४ च्या निकालातही सूर तोच होता : समाजवादी म्हणजे कल्याणकारी, खासगी उद्योगाला त्याची आडकाठी नाही. तोडगा व्यवहारी आहे यात शंका नाही. पण कोणीही मान्य करावा इतका अर्थ सैल केल्यावर शपथेत उरलं काय, हा राजूंचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

राजू ज्यांच्या मुशीत घडले त्या मिनू मसानींची कहाणी मात्र या सगळ्या खटल्यांपेक्षा बोलकी आहे. १९३२-३३ च्या सुमारास, सविनय कायदेभंगाच्या काळात, नाशिकच्या मध्यवर्ती तुरुंगात काही तरुण राजबंदी एकत्र आले. जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, अशोक मेहता, ना. ग. गोरे आणि मुंबईच्या सुखवस्तू पारशी घरातले, बॅरिस्टर झालेले मिनू मसानी. मार्क्सवर चर्चा झडत, काँग्रेस फारच मवाळ पडते आहे यावर एकमत होई. या चर्चांमधूनच १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. जयप्रकाश सरचिटणीस झाले, मसानी संयुक्त चिटणीस.

आता या पाच जणांचं पुढे काय झालं ते पाहावं. जयप्रकाश पक्षीय राजकारण सोडून विनोबांच्या भूदानात गेले आणि वीस वर्षांनी इंदिरा गांधींविरुद्ध पुन्हा रस्त्यावर उतरले. अच्युत पटवर्धन, बेचाळीसच्या भूमिगत लढ्यातले साताऱ्याचे नायक, स्वातंत्र्यानंतर राजकारणातून बाजूला होऊन कृष्णमूर्तींच्या विचारांकडे वळले. अशोक मेहता नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले, मग काँग्रेसचे केंद्रीय मंत्री. पंचायत राजवरच्या समितीमुळे त्यांचं नाव आजही स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत भेटतं. गोरे अखेरपर्यंत समाजवादी राहिले आणि पुण्याचे महापौरही झाले. मसानी मात्र थेट पलीकडच्या तीराला लागले.

त्यांचा प्रवास एका रात्रीत झाला नाही. स्टालिनच्या काळातले मॉस्कोचे खटले आणि आपल्याच पक्षात शिरून तो आतून ताब्यात घेऊ पाहणारे कम्युनिस्ट, या दोन्हींनी ते हादरले. १९३९ मध्ये लोहिया, मेहता आणि पटवर्धन यांच्याबरोबर त्यांनी कार्यकारिणीचा राजीनामा दिला. १९४४ मध्ये ‘सोशॅलिझम रीकन्सिडर्ड’ हे पुस्तक लिहून जुन्या श्रद्धेची जाहीर उलटतपासणी केली. १९५९ मध्ये राजाजी, एन. जी. रंगा आणि कन्हैयालाल मुन्शी यांच्यासोबत ते स्वतंत्र पक्षाच्या संस्थापकांमध्ये होते. परवाना-परमिटचं राज्य नको, सहकारी शेतीची सक्ती नको, हा त्या पक्षाचा धोशा. १९६७ च्या लोकसभेत ४४ जागा मिळवून तो सर्वांत मोठा विरोधी पक्ष बनला.

मग मसानी उजवे का? जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी आणि अनेक माजी संस्थानिक ज्या पक्षात, त्याचे ते नेते. इतक्यावर बहुतेकांनी निकाल देऊन टाकला असता. पण समान नागरी कायदा मूलभूत हक्कांमध्ये यावा म्हणून संविधान सभेच्या उपसमितीत राजकुमारी अमृत कौर आणि हंसा मेहता यांच्यासोबत भिन्नमत नोंदवणारे हेच मसानी. जनता राजवटीत अल्पसंख्याक आयोगाचे पहिले अध्यक्षही तेच. दुर्धर आजारी माणसाला सन्मानानं मरण्याचा हक्क असावा म्हणून १९८१ मध्ये मुंबईत संस्था काढणारेही तेच. आर्थिक प्रश्नावर जी बाजू, ती सामाजिक प्रश्नावर नाही. १९६३ च्या पोटनिवडणुकांत ते राजकोटहून लोकसभेत आले, त्याच वेळी लोहिया फर्रुखाबादहून आणि आचार्य कृपलानी अमरोह्याहून आले. कृपलानींनी नेहरू सरकारविरुद्धचा पहिला अविश्वास ठराव मांडला, लोहियांनी देशातल्या कोट्यवधी माणसांचं दिवसाचं उत्पन्न तीन आणे असल्याचा वाद पेटवला आणि खुल्या बाजाराचे मसानी त्यांच्याच बाजूनं सरकारवर तुटून पडले. १९७१ मध्ये तर ‘बड्या आघाडी’त स्वतंत्र पक्ष, जनसंघ, संघटना काँग्रेस आणि संयुक्त समाजवादी असे चौघे एका पंगतीत बसले. पंगत लगेच उठली, कारण स्वतंत्रच्या ४४ जागांच्या आठ झाल्या.

मसानींसारखा माणूस निदान आपलं मत का बदललं याचं पुस्तक लिहून हिशेब देतो. सामान्य मतदार काय करतो? अमेरिकेत फिलिप कॉन्व्हर्स या राज्यशास्त्रज्ञानं १९६४ मध्ये यावर एक निबंध लिहिला आणि त्या विषयातल्या अनेकांची झोप उडवली. १९५६ च्या निवडणुकीच्या वेळी लोकांना दोन्ही पक्षांत काय आवडतं, काय नाही, असं मोकळेपणी विचारलं गेलं होतं. सुसंगत विचारसरणीच्या आधारानं उत्तर देणारे निघाले जेमतेम अडीच टक्के. सर्वांत मोठा गट, ४२ टक्क्यांचा, हा पक्ष शेतकऱ्यांचा, तो श्रीमंतांचा, अशा भाषेत बोलत होता. दोन वर्षांच्या अंतरानं पुन्हा विचारलं तर आणखी नवलाची गोष्ट : त्याच माणसांची धोरणांबद्दलची मतं वाटेल तशी बदललेली, पक्षाशी असलेली आपलेपणाची भावना मात्र बरीच टिकून. पुढे फ्री आणि कॅन्ट्रिल या संशोधकांना आढळलं की स्वतःला परंपरावादी म्हणवणारे अनेक अमेरिकन शाळा-दवाखान्यांवर सरकारनं अधिक खर्च करावा याला एकेका प्रश्नात बिनतक्रार हो म्हणतात.

यावरून लोक अडाणी ठरवण्याची घाई अनेकांनी केली. ती चुकीची वाटते. हा पक्ष कोणाचा, हा प्रश्न विचारसरणीपेक्षा खालच्या दर्जाचा नाही. आपल्याकडे गावात एखाद्या नव्या कार्यकर्त्याबद्दल पहिली चौकशी होते ती तो कोणाचा माणूस अशीच. सहकारी साखर कारखाना, जिल्हा बँक आणि बाजार समिती यांच्या राजकारणात ही चौकशी पुरेशी नेमकी असते. इंटरनेटवर प्रश्नावली भरून आपण डावे की उजवे हे शोधणाऱ्याची गोची इथेच होते. त्यातली मोजपट्टी बहुधा करांचे दर आणि सरकारी मालकी यांच्यावर आखलेली. तिथे आरक्षणाचा प्रश्न कुठे बसवायचा? प्रदीप छिब्बर आणि राहुल वर्मा या राज्यशास्त्रज्ञांनी २०१८ च्या पुस्तकात भारतासाठी वेगळे दोन अक्ष सुचवले : समाजाच्या रूढी सरकारनं किती बदलाव्यात, आणि मागे राहिलेल्या समूहांसाठी खास तरतुदी कराव्यात का. डाव्या-उजव्याच्या युरोपीय मापापेक्षा हे माप आपल्याला बरंच जवळचं आहे, पण शेतकरी त्यातही पुरता मावत नाही.

त्यासाठी शरद जोशींकडे यावं लागतं. संयुक्त राष्ट्रसंघाच्या यंत्रणेतली स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून चाकणजवळ कोरडवाहू शेती करायला आलेला हा माणूस. कांद्याच्या आंदोलनातून त्यांची शेतकरी संघटना वाढली. मागणी एकच, शेतमालाला रास्त भाव. सूट-सबसिडी नको, सरकारनं फक्त बाजारातला हात काढून घ्यावा. बड्या बागायतदारांची संघटना म्हणून डाव्यांनी तिला मोडीत काढलं. डंकेल प्रस्तावाच्या वेळी तर कर्नाटकचे शेतकरी नेते नंजुंडस्वामी आणि जोशी सरळ एकमेकांसमोर उभे राहिले : एक जागतिक व्यापार कराराला शेतकऱ्याचा गळफास म्हणे, दुसरा त्यालाच दाराची कडी निघणं म्हणे. पण जोशींच्या कार्यकर्त्याच्या छातीवर पाहा, तर बिल्ला लाल! बाजारवाद्याच्या छातीवर लाल बिल्ला बघून परगावच्या पत्रकारांचा घोटाळा झाला असेल तर नवल नाही.

आणि हेच जोशी १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं विराट अधिवेशन भरवतात. लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात पुरुषांनी आपल्या जमिनीचा काही हिस्सा बायकोच्या नावे करावा असं सांगितलं जातं, आणि अनेक गावांत सातबाऱ्यावर बायकांची नावं चढतात. बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायला पुरोगामी घरांतही सहसा कोणी सुखासुखी तयार होत नाही. इथे ते खुल्या बाजाराच्या पाठीराख्यांनी केलं, तेही कायद्याच्या बडग्याशिवाय. जोशी पुढे सेना-भाजपच्या पाठिंब्यावर राज्यसभेत गेले. पक्षांवरची समाजवादाची सक्ती काढा, असं खासगी विधेयक त्यांनी तिथे मांडलं. ते मंजूर होण्याची शक्यता नव्हती, हे त्यांनाही ठाऊक असणार.

२०२० च्या तीन कृषी कायद्यांनी जुनी रेघ पुन्हा ठळक केली. शेतकरी संघटनेचे अनिल घनवट सर्वोच्च न्यायालयाच्या समितीत बसले आणि बाजार खुला करण्याच्या बाजूनं बोलले. डाव्यांची किसान सभा या कायद्यांविरुद्ध आंदोलनात होती. मार्च २०२३ मध्ये कांद्याचे भाव कोसळले तेव्हाही वाटा वेगळ्याच होत्या. किसान सभेचा मोर्चा दिंडोरीहून लाल टोप्या घालून मुंबईकडे निघाला, सरकारनं क्विंटलमागे ३५० रुपयांचं अनुदान जाहीर केलं. अनुदानाचं हे राजकारण शेतकरी संघटनेच्या मुळातल्या मांडणीत बसणारं नव्हतं.

मग त्याच वर्षी ८ डिसेंबरला केंद्रानं कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले, शेतकरी रस्त्यावर आले. या वेळी लाल बिल्ला आणि लाल टोपी दोन्ही बंदीच्या विरोधात होते. एकाचं म्हणणं, सरकारनं बाजारात हात घालूच नये. दुसऱ्याचं म्हणणं, शहरातल्या ग्राहकासाठी भाव पाडायचे असतील तर सरकारनं आधी शेतकऱ्याचा कांदा रास्त भावानं विकत घ्यावा. निवेदनांतली भाषा वेगळी होती, मागणी मात्र एकच होती. बंदी उठली ती मे २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीचं मतदान सुरू असताना, आणि तीही चाळीस टक्के निर्यात शुल्क लावून. त्यावरही दोघे पुन्हा नाराजच होते.