जास्वंदीची पाचवी पाकळी

एकेरी जास्वंदीचे एक फूल तोडून आणा आणि समोरून पाहा. पाच पाकळ्या आहेत. एका पाकळीवर बोट ठेवा. तिची एक कड शेजारच्या पाकळीच्या वर आलेली दिसेल, तर दुसरी कड पलीकडच्या पाकळीखाली गेलेली. पुढच्या पाकळीचीही तीच तऱ्हा. अशी फेरी पुरी करून आपण पुन्हा पहिल्या पाकळीपाशी येतो. सर्वांत वरची पाकळी कोणती, असे कोणी विचारले तर? अशी पाकळीच नाही! प्रत्येक पाकळी कोणाच्या तरी वर आहे आणि कोणाच्या तरी खाली.

वर्गात दाखवण्यासाठी मी इंटरनेटवर जास्वंदीचे चित्र शोधत होतो. रंग छान, रेषा सुबक. पण बऱ्याच चित्रांत एक पाकळी सगळ्यांच्या वर आणि एक सगळ्यांच्या खाली होती. म्हणून ठरवले, चित्र आपणच संगणकावर काढायचे. काढले, आणि माझ्याही चित्रात नेमकी तीच चूक झाली. फूल तर समोर पेल्यात ठेवलेले होते! ही चूक का होते हे शोधताना संगणकावरचे चित्र म्हणजे काय, हे मला नीट समजले.

त्यासाठी मी गिम्प हे सॉफ्टवेअर वापरले. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील स्पेन्सर किमबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली ते लिहायला घेतले. ते विनामूल्य मिळते आणि विंडोज व लिनक्स दोन्हींवर चालते. दुसरे कोणतेही चित्रसंपादनाचे सॉफ्टवेअर असले तरी पुढचे सारे लागू पडेल.

कागदावर चित्र काढताना कागद केवढा आहे हे दिसतच असते. संगणकावर ते आधी सांगावे लागते. येथले चित्र म्हणजे आलेखाच्या कागदासारखी चौकटींची जाळी. प्रत्येक चौकट म्हणजे एक पिक्सेल, आणि तिच्यात लाल, हिरव्या व निळ्या रंगाचे प्रमाण सांगणारे ० ते २५५ मधले तीन आकडे. या तिघांच्या जोड्यांतून १,६७,७७,२१६ रंग होतात. चांगल्या छपाईसाठी एका इंचात ३०० पिक्सेल धरतात. त्या हिशेबाने ए-४ आकाराच्या पानाला २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख चौकटी लागतात. उलट, ६०० पिक्सेल रुंदीचे चित्र दोन फुटी तक्त्यावर ताणले, तर इंचाला २५ च चौकटी येतात. म्हणजे एकेक चौकट सुमारे एक मिलिमीटरची! मग पाकळीची कड जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसते किंवा धुरकटते. जे आकडे मुळात नोंदलेच नाहीत ते मागाहून आणता येत नाहीत. म्हणून तक्ता केवढा छापायचा ते आधी ठरवा. आणखी एक हिशेब हाताशी असू द्या: ३०० च्या मापाने १ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ १२ पिक्सेल. अर्धा मिलिमीटर जाडीची रेषा हवी असेल तर ब्रश ६ पिक्सेलचा घ्या.

आता लेअर, म्हणजे थर. काचेच्या तावदानांची चळत डोळ्यांसमोर आणा. एका तावदानावर देठ, दुसऱ्यावर पाकळी, सर्वांत वरच्यावर मधली पुंकेसरनलिका. वरच्या तावदानावर जेथे रंग आहे तेथे खालचे झाकले जाते. जेथे नाही तेथे खालचे दिसते. एकाची रेषा पुसली तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही. रंग भरतानाही याचा मोठा उपयोग. बाह्यरेषा वरच्या थरावर ठेवा आणि रंग तिच्याखालच्या थरावर, रेषेच्या किंचित आतपर्यंत जाईल असा भरा. एकाच थरावर रंग ‘ओतला’, तर रेषेच्या कडेच्या अर्धवट रंगलेल्या चौकटी तशाच राहतात आणि पाकळीभोवती फिकट दोरा दिसतो.

थर अर्धपारदर्शकही करता येतो. समजा, वरच्या चौकटीतला लाल रंगाचा आकडा २०० आहे, खालचा १०० आहे, आणि वरच्या थराची अपारदर्शकता ४० टक्के आहे. मग दिसणारा आकडा येतो २०० चे ४० टक्के अधिक १०० चे ६० टक्के, म्हणजे ८० अधिक ६०, बरोबर १४०. पाकळीच्या तळाशी असलेला गडद ठसा मी असाच एका वेगळ्या थरावर काढला.

पाकळी एकच काढली. तिच्या चार प्रती केल्या आणि प्रत्येकीला ७२ अंशांनी पुढे फिरवले. (मग फुलाकडे बघत प्रत्येकीची कड थोडी थोडी बदलली, खऱ्या फुलात दोन पाकळ्या तंतोतंत सारख्या नसतात.) दुसरी पाकळी पहिलीवर, तिसरी दुसरीवर, चौथी तिसरीवर, पाचवी चौथीवर. आता पहिली पाकळी पाचवीवर यायला हवी. पण ती तर चळतीच्या तळाशी! तिला उचलून वर आणली, तर ती दुसरीलाही झाकते. थर कसेही लावा, एक सर्वांत वर आणि एक सर्वांत खाली असणारच. फुलातली रांग वर्तुळाकार आहे, थरांची रांग सरळ आहे. त्या चित्रांतली चूक येथे होती.

वाट सोपी आहे. पहिल्या पाकळीच्या थराची आणखी एक प्रत काढून ती पाचवीच्या वर ठेवा आणि तिला ‘लेअर मास्क’ जोडा. मास्क म्हणजे त्या थरावर अंथरलेली काळ्या-पांढऱ्या आकड्यांची जाळी. काळे फासले तेथे थर लपतो, पांढरे केले तेथे पुन्हा प्रकट होतो. दुसरीला झाकणारी बाजू काळी करा. पाचवीवर येणारी कड तेवढी राहू द्या. खोडरबरानेही हे साधते, पण खोडलेले कायमचे जाते, मास्कवरचे परत आणता येते. पाकळ्या मात्र पूर्ण अपारदर्शक ठेवा. त्या ५० टक्क्यांवर असतील, तर जेथे पहिलीचे दोन थर एकावर एक येतात तेथे तिची अपारदर्शकता ७५ टक्के होऊन डाग पडल्यासारखे दिसते. का, हा हिशेब मुलांना करू द्या.

काम चालू असेपर्यंत चित्र गिम्पच्या स्वतःच्या ‘एक्ससीएफ’ प्रकारात साठवा. थर त्यातच शाबूत राहतात. इतरांना देण्यासाठी ‘पीएनजी’ प्रत काढा. ‘जेपेग’ प्रकार आठ गुणिले आठ चौकटींचे गट करून बारीकसारीक तपशील गाळतो. छायाचित्रात ते फारसे कळत नाही, पण रेषाचित्रात नावांच्या अक्षरांभोवती आणि रेषांभोवती मळकट कण दिसतात.

शेवटी एक गंमत. सॉफ्टवेअरमध्ये चित्र आरशातल्यासारखे उलटवण्याची आज्ञा असते. नावे बसवायला जागा हवी म्हणून मी जास्वंद उलटवली आणि मग दचकलो, कारण पाकळ्यांचा पीळही उलटा झाला. अंगणात जाऊन पाहिले, तर एकाच झाडावर दोन्ही पिळांची फुले! चित्र बरोबरच राहिले होते. सदाफुलीचे चित्र मात्र असे उलटवू नका. तिच्या फुलांचा पीळ ठरलेला असतो. दहा-बारा फुले गोळा करून कडा तपासा, आणि मगच ब्रश हाती घ्या.