कोयता चालतो, कबुली नाही

कोल्हापूरच्या सत्र न्यायालयात खुनाचा खटला ऐकायला बसलात, तर निवेदन पंचनामा, म्हणजे आरोपीच्या सांगण्याची पंचांसमोर केलेली नोंद, हा शब्द कानावर पडेलच. समजा, कोठडीतला आरोपी पंचांसमोर म्हणाला, ‘पंचगंगेच्या काठी झुडपात कोयता लपवलाय, काढून देतो. त्यानंच मी त्याला मारलं.’ कोयता सापडला. आता यातलं कोर्ट काय वाचणार?

पोलिसांपुढची कबुली पुरावा होत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यातच होतं. कोठडीत कबुली कशी निघते, हे इंग्रज सरकारलाही ठाऊक होतं. पण कलम २७ ने एक फट ठेवली: सांगण्यावरून वस्तू सापडली, तर तेवढा भाग चालतो. तेवढा म्हणजे किती, हे प्रिव्ही कौन्सिलने डिसेंबर १९४६ मध्ये पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात सांगितलं. ‘लपवलाय, काढून देतो’ राहतं. ‘त्यानंच मारलं’ गळतं. १ जुलै २०२४ पासून हेच भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. कोयत्याचा खुनाशी संबंध मग रक्त, जखमा आणि साक्षीदारांवरूनच जोडावा लागतो.

झडतीचं गणित मात्र उलटं. अमेरिकेत बेकायदा झडतीतला माल पुराव्यातून सहसा वगळतात. आपल्याकडे तसं नाही. मुंबईचे कोरोनर मलकानी यांचं लाचेचं बोलणं फोनवर चोरून टेप केलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ती टेप ग्राह्य धरली. पुरावा कसा मिळवला ते नाही, तो संबंधित आणि खरा आहे का, एवढंच पाहायचं. मला हे पोलिसांना जरा जास्तच सैल सोडणं वाटतं. अमली पदार्थांच्या अंगझडतीत मात्र कायदा कडक आहे: राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडतीचा हक्क आहे, हे आधी सांगितलं नाही, तर अंगावर सापडलेल्या मालावर शिक्षा टिकत नाही. १९९९ च्या बलदेव सिंग निकालाने हे पक्कं केलं.

बाकी खटले ढासळतात ते पंचनाम्याच्या ढिसाळपणामुळे. पंच फितूर होतात. कुणी सांगतो, ठाण्यात बोलावून कोऱ्या कागदावर सही घेतली. आरोपीचे नेमके शब्द नोंदवा आणि ते कोर्टात सिद्ध करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रामानंद खटल्यात बजावलं. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती-जप्तीचं चित्रीकरण करून ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे धाडावं लागतं. चित्रीकरणच नसेल, तर जप्तीवर विश्वास ठेवायचा का? ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचपुढे आता सहा जिल्ह्यांतले वकील हा मुद्दा मांडू शकतात.